लहान तोंडी मोठा घास

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात व विद्यार्थी गुणगौरव समारंभात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



समाजाच्या चिटणीसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढची पस्तीसएक वर्षे कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत फळा आणि खडू यांच्या संगतीत काढली. विद्वान वक्त्यांच्या पंक्तीला बसावे, असा आमचा अधिकार नाही. तथापि चिटणीस म्हणाले, "गुरुजी, विद्वत्तेचे राहू द्या. मुलांविषयी बोला, ती तुम्ही जवळून पाहिली आहेत." या बोलण्याने आमचा नाइलाज झाला. मुले आम्ही जवळून पाहिली, हे खरे. ती आम्ही किती ऐकली, हा प्रश्न मात्र त्या रात्री आमच्या मनात उभा राहिला आणि त्याने आमची झोप उडविली. आज जे सांगावयाचे आहे, ते त्या प्रश्नाचेच उत्तर होय.

आपल्या समाजाचा गुणगौरव समारंभ दरवर्षी नियमाने होतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. नाव पुकारले जाते, मूल व्यासपीठावर येते, वाकून नमस्कार करते, प्रशस्तिपत्र व भेटवस्तू घेते, छायाचित्र निघते आणि मूल खाली उतरते. दोन-तीन तास चालणाऱ्या या समारंभात मुलांसाठी आम्ही मोठी माणसे पुष्कळ बोलतो. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांच्या तोंडून मात्र एक शब्दही निघत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. घरी, शाळेत, गावच्या चावडीवर आणि पंचायतीच्या कचेरीत आपण सर्वांनी हीच रीत पाडली आहे. मुलांसाठी सर्व काही करावे, मुलांना विचारून मात्र काही करू नये, अशी ही रीत आहे. गावच्या कारभारात शाळकरी मुलांच्या म्हणण्याला काही स्थान असावे की नाही, हा आमच्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

कोल्हापुरात उभे राहून मुलांविषयी बोलावयाचे आणि राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण करावयाचे नाही, असे होऊ शकत नाही. १९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. जो पालक मुलाला शाळेत पाठविणार नाही, त्याला दरमहा एक रुपया दंड, अशी त्यात तजवीज होती. त्या काळच्या शेतकऱ्याला एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. महाराजांच्या मनाचा निर्धार त्या एका रुपयावरून समजतो. मूल ही केवळ आईबापाची मालमत्ता नाही, त्याच्या भवितव्याशी राज्याचाही संबंध आहे, हे तत्त्व या मातीत तेव्हा रुजले. आणखी एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. १८७४ साली जन्मलेल्या महाराजांनी १८९४ च्या एप्रिलमध्ये राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांच्या वयाला वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. 'पोराला काय कळते?' असे म्हणण्याचा अधिकार निदान कोल्हापूरकरांना तरी उरलेला नाही.

महाराजांनी मुलाला शाळेच्या उंबरठ्याच्या आत आणले. ते काम त्यांच्या काळाचे होते आणि ते त्यांनी केले. आत आलेल्या मुलाला बोलू देणे हे आमच्या पिढीचे काम होते. ते आमच्या हातून झाले नाही. हे आम्ही दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवून म्हणत नाही. स्वतःची चूक चार बांधवांसमोर सांगितल्याशिवाय या विषयावर बोलणे आम्हाला शोभणार नाही.

सुमारे पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचगंगेच्या काठच्या एका गावी आम्ही सातवीच्या वर्गावर होतो. गावाचे नाव सांगत नाही. त्याचे कारण पुढे कळेलच. शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हते. गावाने मनावर घेतले, निधी मंजूर झाला आणि दोन महिन्यांत पक्के बांधकाम उभे राहिले. उद्घाटनाला पंचमंडळी आली, नारळ फुटला, पेढे वाटले गेले. पाहुण्यांपैकी एकाने कौतुकाने मुलींना विचारले, "काय गं पोरींनो, झाली ना सोय?" सगळ्या खाली मान घालून बसल्या. एकच मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, "दार पाराकडं हाय, गुर्जी. आमी तिकडं जानार न्हाई."

पाराकडे, म्हणजे गावातील बाप्ये दिवसभर जेथे बसलेले असतात, त्या वडाच्या पाराकडे. पोरीचे म्हणणे एका वाक्याचे होते आणि ते शंभर टक्के खरे होते. पण पाहुणे समोर होते, गावाने खर्च केला होता, पेढ्याची चव अजून तोंडात होती. आम्हाला तो शाळेचा अपमान वाटला. आम्ही डोळे वटारून म्हणालो, "लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. खाली बस." ती खाली बसली.

पुढे काय झाले, ते हजेरीपटाने आम्हाला सांगितले. मधल्या सुट्टीत मोठ्या मुली घरी जात आणि दुपारी परत येत नसत. ज्या येत, त्या सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नसत. स्वच्छतागृहाला आधी कुलूप लागले, नंतर त्यात मोडके बाक आणि जळण भरण्यात आले. चार वर्षांनी पुन्हा निधी आला, पाराच्या बाजूने आडोशाची भिंत उठली, दार मागच्या अंगाला काढले, तेव्हा कोठे ती वास्तू वापरात आली. जी गोष्ट पाया खणण्यापूर्वी चार मुलींना विचारले असते तर एका पैशाच्या खर्चावाचून समजली असती, ती कळावयाला गावाला दुप्पट पैसा आणि चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत किती मुलींचे शिक्षण अर्ध्यावर सुटले, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

त्या मुलीची पुन्हा भेट झाली ती अलीकडे, एका लग्नात. दोन मुलांची आई झाली आहे, गावातील बचतगटात आहे. आम्ही सहज म्हणालो, "बाई, तू हुशार होतीस. पंचायतीला का उभी राहत नाहीस?" ती हसली आणि म्हणाली, "गुर्जी, त्या दिवशी तुमी खाली बस म्हनालासा. तवापासनं चारचौघांत उठून बोलायचं म्हटलं, की पाय लटपटत्यात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला बरे वाटले असते.

बंधुभगिनींनो, आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कायद्याने खुर्ची दिली. पण पुष्कळ ठिकाणी खुर्चीवर बाई आणि बोलणारा तिचा नवरा, असा प्रकार आपण पाहतो आणि त्या बाईला नावे ठेवतो. बाराव्या वर्षी जिला आपण 'खाली बस' म्हणालो, तिने बत्तिसाव्या वर्षी सभेत ताठ उभे राहावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करावयाची? पोहणे शिकण्यासाठी पाण्यात उतरावे लागते. लोकशाहीचेही तसेच आहे. अठरा वर्षे पुरी होताच मताचा अधिकार मिळतो. मत बनविण्याची व मांडण्याची सवय मात्र वाढदिवसाच्या दिवशी एकाएकी अंगी येत नाही.

आता कोणी म्हणेल, हे गुरुजींचे वैयक्तिक शल्य झाले. याला शास्त्राधार काय? शास्त्राधार आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८९ साली बालकांच्या हक्कांची संहिता मंजूर केली व आपल्या देशाने ती १९९२ साली मान्य केली. तिच्या बाराव्या कलमाचा आशय असा, की ज्या मुलाला स्वतःचे मत बनविता येते, त्याला आपल्याशी संबंधित गोष्टींत ते मांडण्याचा अधिकार असावा आणि त्या मताला मुलाचे वय व समज पाहून योग्य ते वजन दिले जावे. मुलांचे म्हणणे शिरसावंद्य माना, असे त्यात कोठेही नाही. ऐका आणि तोलून पाहा, एवढेच आहे.

आपल्या संसदेने २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा केला. त्याच्या एकोणतिसाव्या कलमात मुलाला भयमुक्त करावे व आपले विचार मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या राज्यातील शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी, त्यांत निदान एक मुलगी, घेण्याची तरतूद आहे. ग्रामपंचायतीने विकास आराखडा तयार करण्यापूर्वी महिलासभेप्रमाणे बालसभाही घ्यावी, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणासाठी खर्च करावा, असा दंडक आहे. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने पंचायतींपुढे जी नऊ उद्दिष्टे ठेवली आहेत, त्यांत बालस्नेही गाव हे एक आहे. कायद्याच्या बाजूने पाहता आता काही कमी नाही.

कमी आहे ती आपल्या मनाच्या बाजूने. बालसभा कशी होते, हे आम्ही निवृत्तीनंतर तीन-चार गावी जाऊन पाहिले. एका गावी पटावरील मुलांच्या सह्या घेऊन इतिवृत्त घरीच लिहिले गेले. दुसऱ्या गावी मुलांना पटांगणात बसवून पाहुण्यांनी स्वच्छतेवर तासभर व्याख्यान दिले आणि त्याला बालसभा म्हटले. तिसऱ्या गावी शिक्षकांनी मुलांना प्रश्न पाठ करून दिले होते. कीर्तनात झांजा वाजविणाऱ्याने कीर्तन केले असे म्हणता येत नाही, तसेच हे.

याच कामाकडे आपल्या शेजारच्या कर्नाटकाने कसे पाहिले, ते जाणून घेण्यासारखे आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे सोयरे निपाणी, बेळगावकडे आहेत. त्यांना 'मक्कळु' म्हणजे मुले हे सांगावयास नको. किनारपट्टीवरील, आताच्या उडुपी जिल्ह्यातील कुंदापूर तालुक्यात १९९५ च्या सुमारास 'मक्कळ पंचायत' सुरू झाली. शाळेत जाणारी आणि पोटासाठी राबणारी, अशी दोन्ही प्रकारची मुले आपले प्रतिनिधी निवडून गावच्या कारभाऱ्यांपुढे आपले प्रश्न मांडू लागली. पुढे २००६ साली कर्नाटक शासनाने सर्व ग्रामपंचायतींना 'मक्कळ ग्रामसभा' भरविण्यास सांगितले. त्या सभांत मुले काय मागतात? चंद्र मागत नाहीत. शाळेच्या वाटेवर दिवा मागतात, ओढ्यावर साकव मागतात, वेळेवर येणारी एस्टी मागतात. ज्या वाटेने आपण मोटारसायकलवरून जातो, त्या वाटेने मूल दप्तर पाठीला लावून पायी जाते. म्हणून वाटेतील खड्डा आपल्याआधी त्याला ठाऊक असतो.

हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आपल्या जिल्ह्याने २०१९ आणि २०२१ साली केवढे महापूर भोगले, ते आपण विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट मानली जाते. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२२ च्या जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, नदीकाठच्या एका गावात पुराच्या तयारीची बैठक झाली. मागचा अनुभव मनाला टोचत असल्याने आम्ही सरपंचांना विनंती केली, की आठवी-नववीच्या मुलांनाही बोलवा. सरपंच भला माणूस. त्यांनी मुलांना आठ दिवस आधी सांगितले, की दोन्ही पुरांत आपल्या गल्लीत पाणी कोठून आले, ते घरोघर विचारून या.

मुलांनी फेरी काढली आणि कागदाचे चार ताव चिकटवून गावाचा नकाशा काढला. कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसे आहेत, कोणत्या गोठ्यात किती जनावरे आहेत, हे त्यात मांडले. आणि एका मुलाने तांबड्या खडूची रेघ दाखवून सांगितले, "पानी नदीकडनं पहिलं येत न्हाई. नदी फुगली, की वढ्याचं पानी उलटं मागं सरतंय. वढ्यावरचा रस्ता पहिला बुडतोय." सभेत एकदम शांतता पसरली. कारण पंचायतीने ठरविलेली निवाऱ्याची जागा ओढ्याच्या पलीकडे होती. नदीकडे डोळे लावून बसलेल्या गावाच्या पाठीमागून पाणी येत होते, आणि दोन्ही पुरांत माणसे व जनावरे ऐन वेळी अलीकडे अडकली होती. जाणत्या माणसांना ही गोष्ट माहीत नव्हती असे नाही. ज्याला त्याला आपल्या गल्लीपुरती ठाऊक होती. सगळ्या गल्ल्या एका कागदावर आणल्या त्या मुलांनी.

त्या दिवशी वरच्या रस्त्याने हलण्याचे आणि पाणी धोक्याच्या पातळीला पोहोचण्याची वाट न पाहता ३९ फुटांच्या इशारा पातळीलाच जनावरे सोडण्याचे ठरले. २०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा त्या गावातील एकही जनावर दावणीला अडकले नाही. शाळेची दप्तरे व पुस्तकेही आधीच माडीवर गेली होती. ती सूचनाही मुलांचीच. या सर्वाला खर्च किती आला म्हणाल, तर चार ताव कागद आणि खडूची एक पेटी.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा, की मुले उद्धट होतील. आमचा अनुभव उलट आहे. ज्याचे ऐकले जाते, त्याला ओरडावे लागत नाही. उद्धटपणा हा बहुधा दाबून ठेवलेल्या बोलण्याचाच फुगवटा असतो. आपल्या परंपरेत तर थोरांना चार शब्द सुनावणाऱ्या लहानांचा गौरव आहे. खुद्द ज्ञानेश्वर रुसून ताटी लावून आत बसले, तेव्हा त्यांना समजविण्यासाठी दाराशी उभी राहिली ती त्यांची धाकटी बहीण मुक्ताबाई. तिला कोणी 'लहान तोंडी मोठा घास' म्हणाले नाही. ताटीचे अभंग म्हणून महाराष्ट्राने ते बोल शतकानुशतके जपले. ज्ञानदेवांनी ताटी उघडली, यात त्यांचा मोठेपणा कमी झाला नाही.

दुसरा आक्षेप अभ्यास बुडण्याचा. वर्षातून दोन-तीन सभा आणि त्यांची तयारी, याने कोणाचाही अभ्यास बुडत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामसभेचा धडा असतो. तो धडा पाठ करून पाच गुण मिळविणाऱ्या मुलाने गावची ग्रामसभा डोळ्यांनी पाहिलेली नसते, याला खरे तर अभ्यास बुडणे म्हणावे.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आम्ही उडवून लावणार नाही. शाळेत राजकारण शिरेल, मुलांच्या तोंडून मोठी माणसे आपले वैर काढतील, ही भीती खरी आहे. यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. मुलांपुढे व्यक्तींची नावे नकोत, कामे असावीत. मुलांनी काय बोलावे हे शिक्षकाने ठरवू नये. कोणाला बोलता येत नसेल तर त्याला धीर द्यावा. मुलींना प्रथम वेगळे बसून बोलू द्यावे, कारण काही गोष्टी त्या मुलांसमोर कधीच सांगणार नाहीत. नाव न घालता चिठ्ठी लिहून पेटीत टाकण्याची सोय असावी. मुलांनी पैशाचा हिशेब तपासावा किंवा कोणाला कंत्राट द्यावे हे ठरवावे, असे आम्ही म्हणत नाही. निर्णय मोठ्यांचाच राहील. त्याची जबाबदारीही मोठ्यांचीच.

एक पथ्य मात्र सर्वांत महत्त्वाचे. मुलांनी जे मागितले, त्याचे उत्तर त्यांना मिळाले पाहिजे. तीन महिन्यांच्या आत सरपंचांनी किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्यांनी शाळेच्या परिपाठाला यावे आणि सांगावे, की तुमच्या दहा मागण्यांपैकी या तीन झाल्या, या चार पुढच्या वर्षी होतील, या तीन होणार नाहीत आणि त्याची कारणे ही आहेत. 'नाही' ऐकल्याने मूल मोडत नाही. विचारून उत्तर न देणे, याने मात्र ते मोडते. न विचारण्यापेक्षाही ते वाईट, कारण त्यातून मूल सभा म्हणजे देखावा हे शिकते आणि जन्मभर विसरत नाही.

कोणी म्हणेल, गावे बदलत नाहीत, जुन्या रीती मोडत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाकडे पाहा. २०२२ च्या मे महिन्यात त्या गावच्या ग्रामसभेने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. शतकांची रूढी एका सभेच्या ठरावाने हलू शकते, तर पोरांना सतरंजीवरून उठवून दोन शब्द बोलू देणे ही काही त्याहून अवघड गोष्ट नव्हे.

आता आपल्या घरचे बोलू. गावाला उपदेश करणे सोपे असते.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. महाराजांनी प्रथम १८९६ साली सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. त्याचा लाभ बहुजनांच्या मुलांना होईना, तेव्हा १९०१ पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांना वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले. आपल्यासारख्या समाजसंस्था आज ज्या पायावर उभ्या आहेत, तो हा पाया. त्यांतीलच जैन बोर्डिंगात हातकणंगले तालुक्यातील कुंभोजचा एक मुलगा राहत होता. त्याच्या चरित्रात असे सांगतात, की अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला आणि परत आल्यावर स्नान केल्याशिवाय जेवणघरात येऊ नये, असे त्याला सांगण्यात आले. त्याने ते नाकारले आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. त्या वेळच्या वडीलधाऱ्यांना तोही लहान तोंडी मोठा घासच वाटला असेल. पुढे त्याच मुलाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढून त्याला शाहू महाराजांचे नाव दिले. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. ज्या पोराला शिस्तीखातर बाहेर काढले, त्याच्याच पुतळ्याला आज आपण सगळे हार घालतो. हार घालताना आपल्या वसतिगृहात आज कोणी तसा बोलणारा मुलगा असेल, तर त्याचे आपण काय करतो, हेही स्वतःला विचारावे.

आपल्या समाजाच्या वसतिगृहाची व्यवस्थापक समिती आहे. तीत वकील आहेत, व्यापारी आहेत, आमच्यासारखे निवृत्त आहेत. तेथे राहणारा, तेथे जेवणारा एकही विद्यार्थी नाही. गेल्या वर्षी आम्ही मुलांसाठी सभागृहाला नवे रंगकाम केले आणि देणगीदारांच्या नावांची फरशी बसविली. परवा मुलांना सहज विचारले, तर कळले, की त्यांना रंगाचे काही नव्हते. रात्री दहाला अभ्यासिकेचे दिवे बंद होतात, ते परीक्षेच्या दिवसांत बारापर्यंत चालू ठेवावेत, एवढेच त्यांचे मागणे होते. ते मागणे दोन वर्षे त्यांच्या तोंडात होते. त्यांनी ते सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही.

म्हणून अध्यक्ष महाराजांपुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, वसतिगृहाच्या समितीत विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेले दोन प्रतिनिधी, त्यांत एक मुलगी, पुढच्या वर्षापासून घ्यावेत. दुसरी, या समारंभात प्रशस्तिपत्रे वाटण्यापूर्वी अर्धा तास मुलांना द्यावा. त्यांनी गावाविषयी, शाळेविषयी, आपल्या या संस्थेविषयी बोलावे आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी त्या वेळी सतरंजीवर बसावे. तिसरी, आपल्या समाजातील जे बंधुभगिनी ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत निवडून आले आहेत, त्यांनी आपापल्या गावी खरी बालसभा भरवावी आणि तिचे फळ पुढच्या मेळाव्यात सांगावे.

या तिसऱ्या विनंतीला एक पुरवणी जोडतो. ती सभा आपल्या समाजाच्या मुलांची नसावी, गावच्या सर्व मुलांची असावी. ऊसतोडीच्या हंगामात आपल्या जिल्ह्यात बाहेरून टोळ्या येतात. त्यांची मुले पाचट जाळलेल्या फडाकडेला पाच-सहा महिने राहतात. ती आपल्या पटावर बहुधा नसतात आणि आपल्या सभेत तर कधीच नसतात. गावच्या पाण्याची टाकी त्यांच्यासाठीही आहे की नाही, हे तीच सांगू शकतील. जात ही आपल्याला एकत्र आणणारी दोरी असेल, तर ती दुसऱ्याला बाहेर ठेवणारे कुंपण होऊ नये, हाच त्या कुंभोजच्या मुलाचा धडा आहे.

आमच्या तरुणपणी मताचा अधिकार एकविसाव्या वर्षी मिळत असे. १९८९ साली घटनादुरुस्ती होऊन तो अठराव्या वर्षी आला. तेव्हाही पुष्कळ शहाणी माणसे म्हणाली होती, की अठरा वर्षांच्या पोरांना काय समजते? ती पोरे आज पन्नाशी ओलांडून या सभागृहात बसली आहेत आणि बारा वर्षांच्या पोरांविषयी तेच म्हणत आहेत. असो.

बालमित्रांनो, तुम्ही पुष्कळ वेळ शांत बसलात. आमच्या पिढीने तुम्हाला शांत बसणे फार चांगले शिकविले आहे. त्या गावच्या मुलीची क्षमा आम्ही त्या लग्नमंडपात मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या, गुर्जी, माज्या पोरीला तेवढं उभं ऱ्हाऊ द्या." तिची मुलगी यंदा सातवीत आहे. ती व तिच्यासारखी मुले उभी राहून बोलू लागली, की आम्ही थोरांनी खाली बसावे आणि ऐकावे. आम्हीही आता खाली बसतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!